आमच्या गावातली एकच विडी

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आधी नोकरीचं कारण होतं, मग पेन्शनचे कागद अडकले होते, मग गुडघे दुखायला लागले. खरं कारण आमचा दादा. माझा थोरला भाऊ. तो आज ब्याऐंशीचा आहे, मी बहात्तरचा, आणि मी विडी ओढायचो हे त्याला अजून कळलेलं नाही, अशी माझी समजूत आहे. गेल्या महिन्यात त्याच्या चष्म्याची काडी मोडली आणि ती नीट करायला मुरबाडला जायचा त्याला कंटाळा आलाय. तेवढ्यात लिहून घेतो.

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याला लागलं, की वैशाखरे यायच्या थोडं अलीकडे आमच्या गावचा फाटा आहे. फाट्यावर एक निळा फलक आहे : ‘धूम्रपानमुक्त गावात आपले स्वागत आहे.’ रंग आता उडालाय. त्याच्या एका खांबाला शेळ्या पाठ घासतात आणि दुसऱ्या खांबाशी एसटीची वाट बघणारी माणसं विडी पेटवतात, कारण फलकामुळे तिथे वारा अडतो. काडी वाया जात नाही. हा फलक सरकारी पैशाने उभा राहिला आणि माझ्या लेखणीने.

मी आरोग्य सेवक होतो. तापाच्या माणसांच्या रक्ताचे नमुने घ्यायचे, विहिरीत जंतू मारायची टीसीएल पावडर टाकायची, आणि वरून येईल तो कार्यक्रम गावोगाव पोचवायचा. निवृत्तीला पाच-सहा वर्षं राहिली असताना विडी-सिगारेटविरोधी प्रचार माझ्या वाट्याला आला. झालं असं, की साहेबांनी बैठकीत विचारलं, “कोणाला कसलंही व्यसन नाही?” आम्ही सगळ्यांनीच हात वर केला. माझा जरा जास्त वर गेला असावा.

त्या प्रचाराला पैसा बरा यायचा. यायचा मात्र उन्हाळा तोंडावर आल्यावर, आणि मार्च संपायच्या आत संपवायचा असायचा. मग पंधरा दिवस आमची धांदल. दिसेल ती भिंत रंगवायची. आमचा पेंटर कवटी फार सुरेख काढायचा, पण फुप्फुसं काढ म्हटलं की दोन दुधी भोपळे काढून ठेवायचा. एका गावात बायकांना वाटलं, आम्ही भाजीपाला लागवडीची योजना आणलीय. छापील पोस्टरं गुळगुळीत, जाड कागदाची. ती गोठ्याच्या कुडाला आतून लावली की वारा लागत नाही, असं लोकांच्या लवकरच ध्यानात आलं. भोंगा लावलेली जीप फिरायची. तिच्यात मुंबईच्या कुण्या भारदस्त माणसाच्या आवाजात ‘सोडा, आजच सोडा’ वाजायचं आणि तो वाजवणारा ड्रायव्हर एक हात खिडकीबाहेर ठेवून असायचा. त्या हातात काय होतं ते सांगायला नको.

म्हसाच्या जत्रेतही आमची राहुटी लागायची, बैलबाजाराला लागून. बैलांचे सौदे रुमालाखाली बोटं धरून होतात. सौदा ठरला की दोघं रुमाल झटकतात आणि पहिलं काम म्हणजे विडी काढतात. मी नेमका त्या वेळेला पुढे होऊन पत्रक द्यायचो. एका बाप्याने माझं पत्रक घेतलं, दोन्ही बाजू बघितल्या, त्याची छान सुरळी केली, शेकोटीत धरली आणि तिच्यावर विडी पेटवली. “कामाचा कागद हाय,” म्हणाला. “आजून दोन द्या.”

मी दिले. आकडा भरायचा होता.

साहेबांच्या खोलीत भिंतीवर एक आलेख होता. एक रेष प्रचारावरच्या खर्चाची, चढत जाणारी. दुसरी विडी-सिगारेट ओढणाऱ्यांची, उतरत जाणारी. दोघी एका जागी एकमेकींना छेदून गेल्या होत्या. साहेब त्या जागी बोट ठेवायचे आणि भेटायला येईल त्याला म्हणायचे, “इथं जाहिरात जिंकली.” साहेब माणूस चांगला. मनापासून म्हणायचे. त्या उतरत्या रेषेचं शेपूट माझ्यासारख्या दहा-बारा जणांच्या हातात होतं, एवढंच त्यांना ठाऊक नव्हतं.

शेपूट म्हणजे वर्षाची मोजणी. घरोघर जायचं, घरातल्या कर्त्या माणसाला समोर बसवायचं आणि विचारायचं, घरात धूम्रपान कोण करतं? प्रश्न मुंबईत तयार झाला होता, आणि तिथे तो चालत असेल. आमच्याकडे मोठ्यांसमोर विडी ओढत नाहीत. माणूस साठीचा झाला तरी वडील समोर आले की विडी मुठीत जाते आणि मूठ पाठीमागे. तळहाताला चटका बसला तरी चालेल. आता अशा घरात ओट्यावर म्हातारा बसलाय, शेजारी त्याचे मुलगे, दारात सुना, आणि मी मोठ्याने विचारतोय, कोण ओढतं? मुलगे म्हणणार, नाय. म्हातारा स्वतः उघडपणे ओढायचा, पण त्याने कुठून तरी ऐकलेलं असायचं की ज्याचं नाव लिहिलं जाईल त्याचं रेशन कापतात. तोही म्हणायचा, “लिव, नाय.” दारातल्या सुना तोंडात मशेरी धरून नुसती मान हलवायच्या. त्यांच्या बाबतीत ते खरंच होतं. मशेरीला धूर नसतो आणि माझ्या कागदात मशेरीचा रकाना नव्हता.

माझं गाव माझ्याच हद्दीत होतं. माझ्या घराचा कागद मीच भरला, माझ्याच ओट्यावर. शेजारी दादा बसला होता. मी प्रश्न वाचला, स्वतःकडे बघितलं आणि लिहिलं : नाही.

मग गेलो काकीकडे.

काकी म्हणजे माझी चुलती, आमच्या घराला लागूनच तिचं घर. काका जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली असतील. एक मुलगी, ती खर्डीला दिलेली. काकी एकटीच राहायची, एक म्हैस आणि थोडी खाचरं सांभाळून. तिला विडी काकांनीच लावली, आणि तीही न ठरवता. काका खाटेवरून हाक मारायचे, “गो, पेटवून आन.” चुलीतल्या कोलत्यावर विडी पेटवायची तर दोन झुरके मारावेच लागतात. असे चाळीस वर्षं रोज दोन-दोन झुरके. काका गेले आणि पेटवून आण म्हणणारं कोणी राहिलं नाही. ती आपली रोज दिवे लागायच्या सुमाराला, म्हशीची धार काढून झाली की मागल्या दाराच्या उंबऱ्यावर बसून एक ओढायची. पुरती.

मी ओढायला तिच्याच मागल्या दारी जायचो. दादाच्या नजरेआड एवढी सोयीची जागा दुसरी नव्हती. एकदा आम्ही दोघं असेच बसलो होतो आणि दादा अचानक परसातून आला. मी पन्नाशीचा सरकारी नोकर, आणि विडी कुठे लपवू ते सुचेना. काकीने माझ्या बोटांतली विडी अशी काढून घेतली जशी पोराच्या हातातली कात्री काढून घेतात. तिच्या दोन हातांत दोन पेटत्या विड्या. दादा बघतच राहिला.

“काकी, दोन-दोन?”

“एक माझी,” ती म्हणाली, “एक तुज्या काकाची. त्यांची आज आठवन आली.”

दादाने डोळे खाली केले आणि तो आल्या वाटेने परत गेला. तो गेल्यावर काकीने माझी विडी मला परत दिली. “घे. तुझा काका पन तुझ्या बापाला आसाच भ्यायचा,” म्हणाली, आणि हसता हसता खोकली.

अशा काकीच्या ओट्यावर मी कागद घेऊन बसलो.

“काकी, घरात विडी कोण ओढतं?”

“मी.”

“नाही म्हणालीस तरी चालेल.”

“आता काय खोटं बोलू? लिव. रोज एक. कवा दोन.”

“लिहू?”

“मंग इचारलंस कशाला?” मी लिहीपर्यंत तिने माझ्या खिशाकडे बघितलं. “आन तुझं काय लिवलंस?”

“नाही, असं.”

“हां,” ती म्हणाली. “दादा बसला आसंल.”

मोजणी संपली. सगळ्या गावात विडी ओढणारं माणूस निघालं एक. सत्तरीची बाई.

साहेबांना कागद दाखवले तर ते खुर्चीतून उठलेच. तालुक्यात एवढा चांगला आकडा कुठल्याच गावाचा नव्हता. “एकच? अहो, मग ती एक सोडवा! शून्य झालं की फलक देतो, कार्यक्रम करतो, वरून माणसं आणतो.” फलकासाठी पैसे आलेले होते आणि मार्च जवळ आला होता. ही बातमी गावात पोचली. सरपंचांना फलक फारच पटला. शेजारच्या गावाला हागणदारीमुक्तीचा मिळाला होता, आमच्या फाट्यावर काहीच नव्हतं.

ग्रामसभा भरली शाळेच्या पडवीत. काकीला मुद्दाम बोलावून पुढे बसवलं होतं. तिला आधी वाटलं, विहिरीचा विषय असेल.

सरपंच गोडच बोलले. “काकी, तुमच्या एका विडीपायी गावाचा फलक अडकलाय.”

“म्हातारे, या वयात कसला शौक?” मागून एक जण म्हणाला. त्याच्या शर्टाच्या खिशातून बंडलाचा कागद दिसत होता.

“तुझ्या धुरानं गावाचं नाव काळं होतंय गो,” दुसरा म्हणाला. तो बोलला आणि त्यालाच खोकला लागला. पुष्कळ जण हसले. काकीही हसली. तिला वाटलं, थट्टा चाललीय. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की थट्टा नाही.

“गावात मी येकटीच वडते?” तिने विचारलं.

“कागदावर तसंच आहे,” सरपंच म्हणाले.

“कागद कोनी लिवला?”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पडवीच्या खांबाला टेकून उभा होतो. काकी बसल्या जागेवरून वळली. “तू सांग रे. मी येकटीच?”

सगळ्यांच्या तोंडावर एकच भाव होता, हा आता काय बोलतोय. पहिल्या ओळीत दादा बसला होता, मांडीवर टोपी ठेवून. साहेबांच्या बैठकीत खोटा हात एवढा उंच गेला होता. इथे खरा हात वर करायचा होता आणि तो खांद्यापर्यंतही आला नाही.

“नोंदीत तरी तसंच आहे, काकी,” मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. माणूस पिशवीत हात घालून बघतो, आणलेली वस्तू वाटेत पडली की काय, तसं. मग तिने पदर सारखा केला. “नोंदीत हाय म्हंजे आसंल,” म्हणाली, आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिच्या मागल्या दारी गेलो. ती उंबऱ्यावर बसली होती, विडी न पेटवता बोटांत धरून. मी समोर ओंडक्यावर बसलो. काय बोलायचं ते ठरवून आलो होतो, पण तीच आधी बोलली.

“दादा बसलेला. मी बघितलं,” ती म्हणाली. म्हणजे माझी सबबही तिनेच मला काढून दिली. “आता आईक. फलक पायजे ना तुमाला? मी सोडते. पन येकटी नाय सोडायची. तू सोडशील तर मी सोडते. बोल.”

“सोडतो,” मी म्हणालो.

“बघ हां. मी खोटं लिवत नाय.”

“सोडतो, काकी. शप्पथ.”

तिने ती न पेटवलेली विडी चुलीत टाकली. मग फडताळातून बंडल आणून तेही टाकलं. हात पुढे करून माझं बंडल मागितलं आणि तेही चुलीत गेलं. विड्यांचा धूर सगळ्या घरात कोंडला. आम्ही दोघंही डोळे पुसत बसलो. “ही शेवटची सगळ्यात मोठी झाली,” ती म्हणाली.

फलकाचा कार्यक्रम झोकात झाला. मांडव, माईक, वरून आलेली माणसं. नारळ काकीच्या हातून फोडला. तिला हार घातला, फोटो काढला. तालुक्याच्या माहितीपत्रकात तो फोटो छापून आला. खाली लिहिलं होतं, ‘प्रचाराचा प्रभाव’. भाषणं लांबली तशी एकेक माणसं लघवीच्या निमित्ताने शाळेच्या मागे जायला लागली. मांडवातून बघितलं तर शाळेच्या कौलांमागून बारीक धूर वर चढत होता, भट्टी लावल्यासारखा. साहेबांनी विचारलं, “मागे स्वयंपाक चाललाय का?” सरपंच म्हणाले, “हो, हो, जेवण करूनच जायचं.” मग खरोखरच घाईघाईने चूल मांडावी लागली.

काकीने तो धूर बघितला. माझ्याकडे बघून तिने बोटं तोंडाशी नेली आणि नकारार्थी हलवली, म्हणजे, आपण दोघं नाही हां.

आपण दोघं. मी अकरा दिवस काढले.

बाराव्या दिवशी वैशाखऱ्याच्या टपरीवर चहा पिताना कोणीतरी विडी पुढे केली. रीत आहे. पुढे केलेली विडी नाही म्हणून परत करायची तर कारण सांगावं लागतं, आणि कारण सांगायचं तर आधी ओढत होतो हे सांगावं लागतं. असा मी स्वतःशी वाद घातला आणि हरलो. खरं म्हणजे मला हरायचंच होतं.

त्यानंतर माझं ओढणं अवघड झालं. आधी मी दादापासून लपवायचो आणि काकी मला लपवायची. आता दोघांपासून लपवायचं होतं. विडी झाली की बडीशेप चावायची, पेरूचं पान चुरून हाताला लावायचं. काकी भेटली की विचारायची, “कितवा दीस?” तिचा हिशेब पक्का होता. तिचा शंभरावा तो माझाही शंभरावा. मी तिचाच आकडा परत सांगायचो. तिला फार आनंद व्हायचा. संध्याकाळी धार काढून झाली की पूर्वीसारखीच उंबऱ्यावर बसायची, पण हातांचं काय करावं ते तिला सुचायचं नाही. कधी वाती वळायची. कधी नुसतंच अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरवत राहायची, त्यांच्यामध्ये काही नसताना. मी समोर ओंडक्यावर बसून बडीशेप चावत ते बघायचो.

पुढच्या वर्षीच्या मोजणीत गावाचा आकडा शून्य आला. त्याच्या पुढच्या वर्षीही. आलेखाची रेष तळाला टेकली. साहेबांची बदली बढतीवर झाली आणि नव्या साहेबांनी नवा आलेख काढायला सांगितला. मी मात्र आता थोडं खरं सांगतो : विडी गावातून कमी झाली, हे खोटं नव्हतं. नव्या पोरांच्या हातात विडी दिसेना. त्यांच्या गालात पुडी आली. कंपनीत जायला लागलेल्यांना विडीची लाज वाटायला लागली, ते सिगारेट ओढू लागले, कल्याणला, गावात नाही. एकदोघांनी पाकिटावरच्या सडलेल्या घशाचं चित्र बघून खरंच सोडली. एकाने चित्र दिसू नये म्हणून पितळी डबी घेतली. आमच्या भिंतींनी काय केलं आणि काय आपोआप झालं, हे मला कधीच सांगता आलं नाही. जिच्याबद्दल छातीठोकपणे सांगता येईल ती एकच. आणि तिला पोस्टर वाचता येत नव्हतं. तिने माझ्या शब्दावर सोडली.

मी निवृत्त झाल्यावर दोनेक वर्षांनी काकीचं चालणं सुटलं. मुलीने तिला खर्डीला नेलं. म्हैस दादाने ठेवून घेतली. मी दर दोन-तीन महिन्यांनी जाऊन यायचो. एसटीने शहापूर, पुढे लोकलने खर्डी, स्टेशनापासून रिक्षा, मग भातखाचरांच्या कडेने मुलीचं घर. प्रत्येक खेपेला रिक्षात बसलो की वाक्यं जुळवायचो आणि प्रत्येक खेपेला तिचा प्रश्न आधी यायचा, “कितवा दीस?” आता तिला आकडा धरवत नव्हता, म्हणून मीच सांगायचो. तो खोटा आकडा वाढता ठेवायचं कामही माझ्याकडे आलं.

शेवटच्या खेपेला ती पडूनच होती. मुलगी चहा ठेवायला आत गेली. मी खुर्ची जवळ ओढली. ‘काकी, मला एक सांगायचंय,’ एवढं मनात म्हणून झालं होतं.

तिने माझा हात धरला, नाकाशी नेला आणि सोडला. “बडीशोप खातोस आजून,” ती म्हणाली. “जेवायच्या आधीच?”

मी हात पाठीमागे घेतला.

“बरी आसते पोटाला,” ती म्हणाली आणि डोळे मिटले. ओठांत हसत होती. दादा परसातून परत फिरला तेव्हा हसली होती, तशीच. आतून कपबशांचा आवाज आला. मुलगी चहा घेऊन बाहेर आली, पावसाचं काहीबाही बोलायला लागली. मी चहा प्यालो आणि लोकलची वेळ झाली म्हणून उठलो.

पंधरा दिवसांनी फोन आला.

तिच्या दिवसकार्यानंतर मी विडी सोडली. जाहिरातीने नाही, डॉक्टरने नाही. आता बरीच वर्षं झाली. दिवस मोजलेले आहेत, यावेळी खरे, पण कितवा दिवस म्हणून विचारणारं कोणी नाही. फाट्यावरच्या फलकाखाली एसटीची वाट बघत उभा असलो आणि शेजारच्याने विडी पुढे केली, तर मी नको म्हणतो. आणि खर्डीच्या त्या खुर्चीत बसून जे बोलायचं राहिलं, ते मनात म्हणतो. आज कागदावर म्हणतो. दादाचा चष्मा दुरुस्त होऊन आला तरी चालेल.

काकी, सभेत तू विचारलंस तेव्हा मी हात वर करायला हवा होता. तू एकटी नव्हतीस. दोन विड्या होत्या. एक तुझी आणि एक माझी.